गायीच्या मागच्या पायाची खोल जखम: उपचारांच्या नोंदी

गाय पाच वर्षांची असून दुभती आहे. जखम डाव्या मागच्या पायाच्या नळीवर, पुढच्या आणि बाहेरच्या बाजूस झाली. मागच्या पायातील मधल्या मोठ्या सांध्यापासून खुरावरच्या सांध्यापर्यंत जे सरळ हाड उतरते, त्याला या नोंदीत नळी म्हटले आहे. औषधांच्या मात्रा पशुवैद्यांनी याच गायीसाठी ठरवल्या होत्या, त्या दुसऱ्या जनावरासाठी जशाच्या तशा वापरू नयेत. जखमेची रोजची निगा, बांधणी आणि निरीक्षण यांचे तपशील मात्र अशी जखम सांभाळणाऱ्या कोणालाही उपयोगी पडावेत, म्हणून ते विस्ताराने लिहिले आहेत.

३ जून, सकाळ

गोठ्याच्या आडोशाच्या पत्र्याची एक कड सुटली होती. गायीचा पाय तिच्यात अडकला आणि तिने तो जोराने ओढून घेतल्याने नळीवरची कातडी वीतभर फाटून खाली लोंबू लागली. रक्त गडद लाल होते आणि एकसारखे वाहत होते, म्हणजे शीर तुटली होती. धमनी तुटली असती, तर उजळ लाल रक्त ठोक्यागणिक उडाले असते. धुतलेल्या सुती कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून रुंद पट्टीने घट्ट बांधली. घडीतून रक्त झिरपू लागल्यावर ती न काढता तिच्यावरच दुसरी घडी बांधली, कारण घडी उचलली की नुकतीच धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. पायाला वर दोरी आवळण्याची गरज पडली नाही. पातळ दोरीने कातडी आणि नसा चेचल्या जातात, त्यामुळे दाबाने रक्त थांबत असेल तर दोरीकडे वळूच नये.

जमिनीवर पसरलेले रक्त पाहून कोणीही घाबरते. प्रौढ गायीच्या अंगात तिच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के रक्त असते, म्हणजे या गायीत २५ ते ३० लिटर. जमिनीवर दिसणारे रक्त त्या मानाने थोडे होते. हिरड्या आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू गुलाबी होती, कान गार पडले नव्हते आणि ताप ३८.६ अंश सेल्सिअस, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत होता. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने मोजलेले नाडीचे ठोके मिनिटाला ८८ होते. वेदना आणि भीती लक्षात घेता ते चिंताजनक नव्हते.

जखमेवर हळद, राख किंवा कोणतीही पूड टाकली नाही. पशुवैद्यांना तळ स्पष्ट दिसायला हवा असतो, आणि पुडीचे कण हाडाला चिकटले तर ते काढताना निरोगी मांसही खरवडले जाते.

३ जून, दुपार

पशुवैद्य येईपर्यंत वजनाचा अंदाज काढून ठेवला होता. छातीचा घेर ६८ इंच आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी ५८ इंच भरली. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलोमध्ये वजन मिळते. ते सुमारे ४०५ किलो आले. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून टेप गोठ्यातच असावा.

पोट भरलेले असल्यामुळे गायीला आडवे पाडायचे नाही, असे डॉक्टरांनी ठरवले. भरल्या पोटाने आडव्या केलेल्या जनावराला पोटफुगी होते, आणि घशात आलेले अन्नपाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गायीला खोड्यात उभे करून पाय मागच्या आडव्या दांड्याला रुंद पट्ट्याने बांधला. मधल्या सांध्याच्या वर, मागच्या जाड शिरेच्या (येथून पुढे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर स्नायूला हाडाशी जोडणारा दोरासारखा भाग) दोन्ही बाजूंच्या खळग्यांत कापडाच्या गुंडाळ्या ठेवून रबरी नळी आवळली आणि तिच्या खालच्या रक्तवाहिनीत २ टक्के लिग्नोकेनचे २० मिलिलिटर इंजेक्शन दिले. दहाएक मिनिटांत पाय खुरापर्यंत बधिर झाला. गुंडाळ्या नसतील तर ती शीर ताठ राहते, रबर खळग्यांवरून नुसते जाते आणि आतील रक्तवाहिन्यांवर दाब पडतच नाही. त्यामुळे हे औषध वर निसटते आणि खाली पाय बधिर होत नाही.

भोवतीचे केस कापण्यापूर्वी जखम सलाईनने भिजवलेल्या गॉजने पूर्ण भरून घेतली, म्हणजे कापलेले केस आत पडत नाहीत. नंतर धुण्याचे काम सुरू झाले, आणि सर्वाधिक वेळ त्यालाच लागला. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, या प्रमाणात भांडेभर द्रावण तयार ठेवले होते. मोठ्या सिरिंजला १८ नंबरची सुई लावून त्याची जोरदार धार जखमेवर मारली. नुसते ओतलेले पाणी वरची माती नेते, पण चिकटलेले कण सोडवण्यासाठी दाब लागतो. शेवटच्या लिटरमध्ये १० टक्के पोव्हिडोन आयोडीनचे १० मिलिलिटर मिसळले. याहून गडद द्रावण जंतूंबरोबर नव्या पेशीही मारते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट त्याच कारणाने बाजूला ठेवले.

तळ स्वच्छ झाल्यावर तीन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे नळीच्या हाडावरचे पातळ आवरण अंगठ्याएवढ्या भागात खरवडले गेले होते आणि तेथे पांढरे, कोरडे हाड उघडे होते. दुसरी म्हणजे खूर पुढे उचलणारी शीर तुटली होती. गाय पाय टेकताना खूर मागे मुडपून त्याच्या पुढच्या भागावर भार देत होती, त्याचे कारण हेच होते. नळीच्या मागच्या बाजूच्या, पाय वाकवणाऱ्या शिरा शाबूत होत्या. त्या तुटल्या असत्या तर खुराचे टोक वर उचलले गेले असते आणि गाय वाचवणे फार अवघड झाले असते. पुढची तुटलेली शीर पायाला आधार दिला तर बहुधा भरून येते. तिसरी बाब खुरावरच्या सांध्याची होती. जखमेचे खालचे टोक त्याच्यापासून चार बोटे वर थांबले होते, तरीही डॉक्टरांनी विरुद्ध बाजूने सांध्यात निर्जंतुक सलाईन भरून पाहिले. ते जखमेतून बाहेर आले नाही, म्हणजे सांधा उघडला नव्हता. जखमेतून पिवळसर, चिकट, तार धरणारा द्रव दिसला, तर सांधा उघडला असल्याची शंका लगेच घ्यावी आणि काही तासांच्या आत उपचार सुरू करावेत.

कातडीचा तुकडा वरच्या बाजूने जोडलेला होता, म्हणून त्याला रक्तपुरवठा शिल्लक होता. तो सैल टाक्यांनी वर अडकवला, पण खालचा भाग उघडाच ठेवला. पूर्ण शिवलेली मळकी जखम आतल्या आत कुजते आणि पू बाहेर पडायला वाट राहत नाही. पेनिसिलिन प्रति किलो २२,००० युनिट या दराने, म्हणजे रोज सुमारे ८९ लाख युनिट, सात दिवसांसाठी लिहून दिले. वेदनेसाठी सुमारे २०० मिलिग्रॅम मेलोक्झिकॅम आणि त्याशिवाय धनुर्वाताची लस दिली. डॉक्टर जनावरांना डायक्लोफिनॅक वापरत नाहीत. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. मेलोक्झिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित आहे.

आजपासून दूध वेगळे काढून टाकून द्यायचे आहे. शेवटच्या इंजेक्शननंतरही औषधावर छापलेला काळ संपेपर्यंत ते वापरायचे नाही आणि वासरालाही पाजायचे नाही. औषधांच्या खर्चापेक्षा हे नुकसान मोठे ठरणार, हे पहिल्याच दिवशी धरून चालावे.

४ जून

गाय खाते आहे आणि रवंथही करते आहे. बांधणी जागेवर आहे.

६ जून

पहिली बांधणी फसली. मागच्या पायावर शेण आणि मूत्र सतत उडते, म्हणून बांधणीवर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवून ती दिवसरात्र ठेवली होती. आज ती काढली तेव्हा आतला कापूस घामाने ओला झाला होता, कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि वास येत होता. ताप ३९.९ होता. बाहेरचे पाणी पिशवीने अडवले, पण आतली वाफ बाहेर पडू दिली नाही.

बांधणी नव्याने केली. जखमेला लागून न चिकटणारे मलम लावलेले जाळीदार गॉज, त्यावर कापसाचा जाड थर, त्यावर क्रेप बँडेज आणि सर्वांत वर चिकट पट्टी, असा क्रम ठेवला. क्रेपचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्या रुंदीवर बसवत, खालून वर गेलो. खुराच्या दोन्ही नख्यांमध्ये आणि मागच्या छोट्या नख्यांभोवती कापूस भरला, नाहीतर तेथे कातडी घासून नवीच जखम होते. पिशवीऐवजी जुन्या रबरी ट्यूबचा तुकडा खुरापासून जखमेच्या खालपर्यंत चढवला आणि वरचा भाग मोकळा ठेवला. मात्र खरा फरक जमिनीमुळे पडला. गाय दिवसातले बारा-चौदा तास बसून काढते, तेव्हा पाय ज्या जागेवर टेकतो ती जागा ओली असेल, तर कोणतीही बांधणी टिकत नाही. गाय रबरी चटईवर जाड कोरड्या पेंढ्यात हलवली आणि ओला पेंढा सकाळ-संध्याकाळ बदलण्याचे काम धाकट्या भावाने घेतले.

आधारासाठी लावलेल्या पीव्हीसी पाइपचाही दोष दिसला. पाइप उभा चिरून त्याची अर्धी बाजू खुराच्या तळापासून मधल्या सांध्याच्या खालपर्यंत पायाच्या मागून बांधली होती. खूर सरळ राहिला, पण पाइपच्या वरच्या कडेने कातडी सोलली. कड गरम करून बाहेरच्या बाजूला वळवून घेतली आणि तिच्याखाली कापसाची जाड गादी दिली. वळवलेली कड गोल आणि गुळगुळीत होते, म्हणून नुसत्या घासलेल्या कडेपेक्षा ती चांगली.

९ जून

लोंबलेल्या कातडीचे टोक काळे आणि कडक झाले आहे, ते स्पर्शाला गार लागते आणि टोचले तरी गायीला कळत नाही. उरलेला भाग गुलाबी आणि उबदार आहे. मेलेले टोक डॉक्टरांनी कापून काढले. कातडी जगणार की नाही याची रेषा स्पष्ट व्हायला काही दिवस लागतात, म्हणून पहिल्या दिवशी ती कापून न टाकणे योग्यच होते. जखमेच्या कडांवर लहान लाल कण दिसू लागले आहेत, आणि ते नव्या मांसाचे आहेत.

बांधणीभोवती दाबून पाहिले. कातडीखाली हवा असल्यासारखा करकर आवाज येत नाही. तसा आवाज, झपाट्याने वाढणारी सूज आणि ताप एकत्र दिसले, तर फऱ्यासारखा जंतुसंसर्ग समजून त्याच तासाला डॉक्टरांना बोलवावे.

११ जून

बांधणीच्या वरच्या कडेला पायाभोवती बोटभर फट पडली होती आणि तेथे केसांवर पांढऱ्या दाण्यांचे झुबके दिसले. ती माश्यांची अंडी होती. बांधणी सोडली तेव्हा वरच्या खिशात आसड्या, म्हणजे माश्यांच्या अळ्या, आढळल्या. अंड्यांतून आसडी बाहेर यायला जेमतेम एक दिवस लागतो, त्यामुळे बांधणी रोज बदलत नसलो तरी तिची वरची कड रोज पाहावीच लागते.

खिशात टर्पेंटाइन तेलात भिजवलेले गॉज थोडा वेळ ठेवले, बाहेर आलेल्या आसड्या चिमट्याने एकेक काढल्या आणि शेवटी ती जागा सलाईनने भरपूर धुतली. टर्पेंटाइन ताज्या मांसाला चरचरते, म्हणून ते तेथे सोडून बांधायचे नाही. आयव्हरमेक्टिन आसड्यांवर चालते, पण ते दुधात उतरते, म्हणून दुभत्या गायीला डॉक्टरांनी टाळले. माश्यांना दूर ठेवणारे मलम फक्त जखमेभोवतीच्या निरोगी कातडीवर लावले आणि बांधणीची वरची कड चिकट पट्टीने केसांवर अर्धी, बांधणीवर अर्धी अशी बंद केली. यानंतर आसड्या पुन्हा झाल्या नाहीत.

१५ जून

ताप ३८.५. पेनिसिलिन संपले आहे आणि पू कमी झाला आहे. बांधणी आता एक दिवसाआड बदलतो. सुरुवातीला एका बांधणीला दीड तास जात होता, आता पाऊण तासात होते, कारण सामान आधी ताटात मांडून ठेवतो आणि एक जण फक्त गायीचे डोके सांभाळतो.

२१ जून

उघडे हाड दिसेनासे झाले आहे आणि त्याच्यावर चारी बाजूंनी लाल मांस आले आहे. दुसऱ्या मागच्या पायाच्या खुरावर थोडी सूज आहे, कारण सगळा भार त्याच पायावर आहे. चटई दुप्पट जाड केली. गाय एकाच कुशीवर फार वेळ बसली तर तिला उठवून कूस बदलतो. मोठ्या जनावराचे स्वतःचेच वजन स्नायू दाबून निकामी करते.

२ जुलै

मांस कातडीच्या पातळीच्या वर आले आहे. घोड्यांइतके गायींत हे होत नाही, पण नळीवर होते, कारण तेथे कातडीला सैलपणा नसतो आणि कडा आत ओढल्या जात नाहीत. कातडी सपाट पृष्ठभागावरूनच पुढे सरकते, उंचवट्यावर ती चढत नाही. मोरचूद लावण्याचा सल्ला आला होता, तो डॉक्टरांनी नाकारला आणि ते मला पूर्ण पटले. मोरचूद वाढीव मांस जाळते, पण कडेने येणारी कागदासारखी पातळ नवी कातडीही जाळते आणि काम पुन्हा मागे जाते. डॉक्टरांनी ते ब्लेडने कातडीच्या पातळीपर्यंत तासून काढले. या मांसात संवेदना नसते, त्यामुळे गाय हललीही नाही. रक्त मात्र खूप वाहिले. नंतर दोन दिवस बांधणी जरा घट्ट ठेवली आणि त्या काळात खूर गार पडत नाही ना, हे सकाळ-संध्याकाळ हाताने पाहिले.

११ जुलै

जखम जवळपास भरली आहे, फक्त मध्यभागी मोहरीएवढे भोक आहे आणि त्यातून थोडा पू येतो. गाय खूर आपोआप पुढे टाकू लागली आहे. पाइपचा आधार दिवसा काढतो आणि रात्री लावतो.

२० जुलै

भोक बुजत नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक पुन्हा दिले तेव्हा पू थांबला होता, औषध बंद होताच तो परत आला. या जखमेतील सर्वांत महत्त्वाची खूण हीच होती. बाहेरून पाहणाऱ्याला पाय बरा दिसतो, गाय चालते, खाते, आणि भोकही आज ना उद्या भरेल असे वाटत राहते. वाट पाहण्यात वेळ गेला आणि दुसऱ्यांदा दूध टाकावे लागले. उघड्या पडलेल्या हाडाच्या जागेवर काही आठवड्यांनी एकच भोक उरले आणि ते औषधाने मिटून पुन्हा उघडले, तर तळात मेलेले हाड आहे असे धरूनच पुढची तपासणी करावी. हाडाच्या वरच्या थराला त्याच्या आवरणातून रक्त मिळते. आवरण खरवडले गेले आणि हाड उघडे वाळले, की तो थर मरतो. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून इंजेक्शनचे औषधही तेथपर्यंत पोहोचत नाही.

२४ जुलै

पशुरुग्णालयात एक्स-रे काढला. नळीच्या पुढच्या बाजूला नखाएवढा तुकडा वेगळा दिसतो आणि त्याच्याभोवती काळसर कडे आहे. पहिल्या आठवड्यात एक्स-रे काढला असता तर तुकडा दिसला नसता. तो सुटून भोवतीच्या हाडापासून वेगळा दिसायला काही आठवडे लागतात.

२६ जुलै

गाय रात्रभर उपाशी ठेवून आज आडवी केली. पाय पहिल्या दिवशीच्याच पद्धतीने बधिर केला, भोक मोठे केले आणि तुकडा चिमट्याने बाहेर काढला. तो फिकट, खडबडीत कडांचा आणि कोरडा होता. खालचे हाड रक्ताचे थेंब दिसेपर्यंत खरवडले, म्हणजे आता तेथे जिवंत थर आहे याची खात्री झाली. खळगा धुऊन उघडाच ठेवला आणि त्यात गॉजची पट्टी सैल भरून तिचे टोक बाहेर ठेवले. पट्टी कोंबून भरली तर ती बुचासारखी बसते आणि पू अडतो.

५ ऑगस्ट

खळगा तळापासून भरतो आहे. दर बांधणीला आत जाणाऱ्या पट्टीची लांबी कमी होते आहे, आणि प्रगती मोजण्याचे तेच सर्वांत विश्वासार्ह माप ठरले. वरचे तोंड आतल्या भागापेक्षा आधी मिटू लागले, तेव्हा पट्टीने ते मुद्दाम उघडे ठेवले. पू नाही, फक्त पाण्यासारखा स्राव येतो.

२३ ऑगस्ट

पट्टी आत जायला जागा उरली नाही. वर पातळ गुलाबी कातडी आली आहे. आधाराचा पाइप कायमचा काढला. तुटलेल्या शिरेच्या जागी जाड दोरासारखा ताठ भाग हाताला लागतो आणि गाय चढावरही खूर मुडपत नाही.

१४ सप्टेंबर

बांधणी नाही. नळी दुसऱ्या पायापेक्षा जाड राहिली आहे आणि ती तशीच राहील. व्रणावर केस आलेले नाहीत. तेथील कातडी पातळ असून कोरड्या हवेत तडकते, म्हणून तिच्यावर आठवड्यातून काही वेळा साधे मलम लावतो आणि त्या पायाला दोरी बांधत नाही. दूध पहिल्या इतके झालेले नाही, पण वापरण्याजोगे आहे. एक्स-रेची प्रत आणि औषधांच्या तारखा गायीच्या वहीत ठेवल्या आहेत. त्या जागी पुन्हा सूज किंवा ओल दिसली, तर आधी एक्स-रे काढायचा आणि मगच औषध ठरवायचे, असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे.